चार नावांची कोळंबी

माझ्या दोन फुटी फिश टँकमधली सर्वांत मोठी कोळंबी, जेमतेम पाच सेंटिमीटरची, महिनाभर पोटाखाली अंडी घेऊन फिरत होती. पोटाखालचे पाय हलवून त्यांना सतत पाण्याचा वारा घालायची. एका रात्री मोबाइलचा टॉर्च मारला, तर पाण्यात शेकडो बारीक ठिपके तरंगत होते. पिल्लं! आठवड्याभरात त्यातलं एकही उरलं नाही. पाणी स्वच्छ होतं, खायलाही होतं. मग चुकलं कुठे, हे शोधता शोधता मी या जिवाच्या इतिहासातच शिरलो.

दुकानात हिला ‘अमानो’ म्हणतात. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) हे जपानमधल्या निइगाताचे. आधी व्यावसायिक सायकलपटू, मग निसर्गाचे छायाचित्रकार. १९८२मध्ये त्यांनी पाणवनस्पतींच्या टँकची कंपनी काढली. काचेच्या पेटीत जंगल उभं करायचं तर भरपूर उजेड लागतो. आणि उजेड मिळाला की शेवाळही माजतं. अमानोंनी ही शेवाळखाऊ कोळंबी साफसफाईला लावली. त्यांच्या टँकचे फोटो जगभर गेले, पाठोपाठ कोळंबीही गेली.

पण ती अमानोंनी शोधलेली नव्हती. जपानी लोक तिला ‘यामातो-नुमा-एबी’ म्हणतात, म्हणजे जपानची दलदलीतली कोळंबी. शास्त्रीय नाव तर त्याहून कितीतरी जुनं. १८५३मध्ये निघालेल्या अमेरिकेच्या उत्तर पॅसिफिक मोहिमेवर विल्यम स्टिम्सन नावाचा तरुण निसर्ग-अभ्यासक होता. १८६०मध्ये त्याने हिचं नाव ठेवलं ‘कॅरिडिना मल्टिडेंटाटा’. पुढे आपला संग्रह त्याने शिकागोला नेला. १८७१च्या शिकागोच्या भीषण आगीत तो खाक झाला, आणि पुढच्याच वर्षी, चाळिशीत, स्टिम्सनही गेला.

नमुना जळाला, मागे राहिलं फक्त त्रोटक वर्णन. त्यावरून ओळख पटवणार कशी? १८९२मध्ये डी मान या डच प्राणिशास्त्रज्ञाने हिला नवीन समजून ‘कॅरिडिना जॅपोनिका’ म्हटलं. ते नाव शंभराहून अधिक वर्षं चाललं. २००६मध्ये संशोधकांनी दोन्ही एकच असल्याचं दाखवलं आणि नियमाप्रमाणे जुनं नाव परत आलं. आगीत संग्रह गमावलेल्या माणसाच्या कष्टाची नोंद अशी शाबूत राहिली.

चार नावं झाली, तरी माझ्या पिल्लांचं उत्तर एकाही नावात नव्हतं. ते होतं तिच्या वाटेत. अंडी नदीत फुटतात, प्रवाह पिल्लांना समुद्राकडे नेतो. खाऱ्या पाण्यात ती वाढतात आणि इवल्याशा कोळंब्या होऊन पुन्हा नदी चढतात. गोड्या पाण्यातच अडकली, तर काही दिवसांत मरतात.

म्हणूनच लाल ‘चेरी’ कोळंबी बरणीतही वाढते, अमानो नाही. काही चिकाटीचे लोक खाऱ्या पाण्यात पिल्लं जगवतात. पण विकायला येणाऱ्या कितीतरी अमानो कुठल्यातरी नदीतून पकडून आणलेल्या असतात. शेवाळ साफ करायला मी आणलेल्या सहाजणींची वाटही बहुधा अशीच मध्ये तुटली असेल. आता नवीन आणायच्या नाहीत, एवढं ठरवलंय.

गेल्या आठवड्यात मोठीने पुन्हा अंडी धरली. या वेळी टँकशेजारी खाऱ्या पाण्याची बरणी तयार आहे.