लूपचा सांधा
आफ्टर इफेक्ट्समधला लूप दर फेरीला अडखळतोय? बहुतेक वेळा शेवटची फ्रेम ही पहिलीचीच कॉपी असते, म्हणून तेच चित्र दोनदा दिसतं. ती शेवटची उडवा.

मी यंत्रमागांच्या भिवंडीचा, म्हणून सांगतो: हा नियम मागावर जुनाच आहे. १८०४ मध्ये फ्रान्समध्ये आलेल्या जॅकार्ड मागावर भोकांची कार्डं साखळीत ओवतात आणि शेवटचं कार्ड पहिल्याला बांधतात. नक्षी अखंड फिरते. एक कार्ड दुबार लागलं, की दर फेरीला कापडात तोच दोष उमटतो, आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्याचे पैसे कापले जाऊ शकतात.

१८३२ मध्ये बेल्जियमच्या प्लातोने फिरत्या चकतीवर चित्रं हलवली. तिथेही शेवटचं चित्र पहिल्याच्या एक पाऊल आधीचं. एक्स्पोर्टआधी सांधा तपासा. भेटूच!