आबांची सायकल : थोडा इतिहास, थोडी कबुली



१९७४ साली जुन्या अकरावीची परीक्षा देऊन आपण शाळेबाहेर पडलो, त्याला पन्नास वर्षे झाली. स्नेहमेळाव्याच्या समितीने माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. गेली तीन वर्षे मी जी जुनी रॅले सायकल जुळवत होतो, ती त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात उभी करायची आणि तिच्यावर स्मरणिकेसाठी लेख लिहायचा. समितीतला मित्र फोनवर हसत म्हणाला, "मथळा मीच देतो. 'चोरीला गेलेली सायकल पन्नास वर्षांनी सापडली!'" मीही हसलो. पण लिहायला बसलो की त्या मथळ्यापाशीच अडत होतो. का, ते पुढे सांगतो. त्याआधी आपल्या भागातल्या सायकलींचा थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही.

इतिहासाच्या तासाला सर आपल्याला नाणेघाट शिकवायचे, ते आठवत असेल. कोकणातून बैलांच्या पाठीवर माल घाट चढून जुन्नरच्या पेठेत यायचा. घाटमाथ्यावरचा तो मोठा दगडी रांजण जकातीचा, असे सांगतात. बैलाच्या पाठीची ती जागा आपल्या वडिलांच्या पिढीत सायकलच्या कॅरिअरने घेतली. आठवून पाहा, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत सायकलवर कोण कोण होते. टपालवाला, वाडीवस्तीवर जाणारे प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवलेला दूधवाला, आणि आठवड्याचे बाजार करणारे फिरते व्यापारी. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल द्यायची पद्धत होती. तमाशाला जायचे तर एका सायकलवर तिघे बसून नारायणगाव गाठायचे.

सुरुवातीला या सायकली विलायती होत्या. नॉटिंगहॅमची रॅले, हंबर आणि बर्मिंगहॅमची बी.एस.ए. या शेवटच्या कंपनीचा मूळ धंदा बंदुकांचा, म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका असत. आपल्याकडे मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर बंधने आली आणि देशी कारखाने वाढले. १९४९ मध्ये मद्रासला टी.आय. सायकल्स निघाली, तीच हर्क्युलिस बनवू लागली. १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलास, १९५२ मध्ये बंगालात आसनसोलला सेन-रॅले आणि १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. आपण शाळेत असताना पारावर उभ्या असलेल्या सायकली बहुतेक या नावांपैकीच असत. घडण सगळ्यांची मात्र एकच, इंग्रजी. अठ्ठावीस इंची चाके, सळईचे ब्रेक, पुढच्या चाकाला बत्तीस आऱ्या आणि मागच्याला चाळीस, कारण ओझे मागच्या चाकावर.

एवढ्या सगळ्यांत विलायती रॅलेचा मान मोठा होता. आबांकडे ती होती. आबांनी ती पुण्यात जुनीच घेतली होती, तेव्हा तिला पुणे नगरपालिकेच्या सायकलकराचा पितळी बिल्लाही लटकत होता. पुढच्या नळीवर बगळ्यासारख्या पक्ष्याचे डोके आणि त्याखाली कंपनीचे आणि गावाचे नाव. इंग्रजी पाचवीत सुरू व्हायच्या आधीच मी 'नॉटिंगहॅम'ची अक्षरे त्या पत्र्यावरून गिरवली होती. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायला शिकलो तोही त्याच सायकलवर. तुमच्यापैकी चार-पाच जण तरी शिकले, हे तुम्हीच कबूल कराल.

आबा कापडाचा फिरता धंदा करत. कळंबहून निघायचे आणि मंचर, घोडेगाव, आळे, ओतूर असे बाजार करायचे. बेल्ह्याचा बैलबाजार भरला की तिकडे. मागे कापडाचे गाठोडे आणि दांडीच्या बाजूने दोन पट्ट्यांनी बांधलेला लाकडी गज. पुढे मेट्रिक मापे आली तेव्हा गजाच्या जागी मीटरपट्टी आली, पण पट्ट्या त्याच राहिल्या.

ही सायकल १९७३ पासून आमच्या घरात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे आता उभी आहे ती आबांचीच सायकल नव्हे. तिच्यासारखी, त्याच काळातली, वेगवेगळ्या ठिकाणच्या भागांतून जुळवलेली आहे. त्यातले बरेचसे भाग तुमच्याच घरांतून आले, म्हणून त्यांचा हिशेब देणे लागतो.

निवृत्तीनंतर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय पाहिले. २०१७ साली ते लोकांसाठी उघडले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बी.एस.ए.ची घडीची सायकलसुद्धा तिथे आहे. मी मात्र एका काळ्या रॅलेपुढेच उभा राहिलो आणि घरी येऊन तुम्हा सगळ्यांना फोन करायला लागलो.

सांगाडा घोडेगावच्या मित्राच्या गोठ्यात मिळाला. त्याच्यावर कोंबड्यांच्या खुराड्याचे दार टेकवलेले होते. रंग उडालेला, पण चिमट्याच्या वरच्या बाजूला ती गोल टोपणे होती, त्यावरून रॅले ओळखली. आनंद दोन दिवस टिकला. पायडलचा दांडा जिथे बसतो तिथले दोन्ही कप गायब होते. बाजारातले नेहमीचे कप आणले तर ते एक-दोन आटे फिरून अडकायचे. कारण असे की इतर सायकलींच्या या कपांना इंचाला चोवीस आटे असतात आणि रॅले आपल्या सायकलींना सव्वीस ठेवत असे. एकाने सल्ला दिला, नवे आटे पाडून घ्या. तसे केले तर मूळ नळी कायमची कोरली जाते. मन होईना. आठ महिन्यांनी मंचरच्या मित्राने भंगारात निघालेल्या दुसऱ्या रॅलेचे कप पाठवले. ते हाताने फिरवले आणि शेवटपर्यंत सरळ गेले. त्या दिवशी मी घरात सगळ्यांना पेढे वाटले, याचे कारण सुनेला अजून कळलेले नाही.

चेनकव्हर ओतूरहून आले. पायडलची जोडी खोडदहून, ज्याच्या शेतातून रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात त्या मित्राकडून. मागचे मडगार्ड जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात जाण्याआधी तिथून उठलेल्या एका कुटुंबाने जपून ठेवले होते. घर हलवताना मडगार्ड का घेतले, असे विचारले तर त्या आजी म्हणाल्या, "लोखंड हाये, टाकतंय कोण?" सीटचे कातडे फाटले होते, खालची स्प्रिंगांची चौकट चांगली होती. जुन्नरच्या एका कारागिराने जाड कातडे भिजवून, आकारावर ओढून, वाळवून तांब्याच्या रिबिटांनी बसवले.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक गोष्ट अचानक मिळाली, स्टर्मी-आर्चरचा डायनोहब. पुढच्या चाकाच्या तुंब्यातच वीज तयार करणारा डायनामो. त्याच्या अंगावर बनवल्याचे साल ठोकलेले होते, ५६. असा हब लावलेली सायकल पाहून जाणकार माणूस थांबतोच. मी तो विकत घेतला, चाकात बसवून घेतला, दिवाही जोडला. मग एका रात्री चाक फिरवून तो दिवा पेटताना बघत बसलो असता आठवले, आबांच्या सायकलला असले काही नव्हते. रॉकेलचा दिवा होता आणि तो वाऱ्याने विझायचा. अवसरीच्या घाटात अंधारात ते उतरून चालत येत. दुसऱ्या दिवशी हब काढून ठेवला आणि साधा तुंबा घातला.

कॅरिअर मात्र कुठेच मिळेना, कारण तसे कॅरिअर कोणत्याही कारखान्याने बनवले नव्हते. आबांनी ते गावच्या लोहाराकडून गाठोड्याच्या मापाने करून घेतले होते. माप सांगायला कोणी उरले नव्हते. शेवटी घरातला जुना गज काढला. पट्ट्या बांधून बांधून त्याच्यावर दोन ठिकाणी खाचा पडल्या आहेत, आणि कॅरिअरला घासून एका टोकाची कड झिजली आहे. त्या खुणांवरून कॅरिअर सीटमागे किती अंतरावर सुरू होत होते ते कळले. बाकी अंदाजाने.

आता त्या मथळ्याकडे येतो.

आबांची सायकल चोरीला गेली नव्हती.

१९७२ च्या दुष्काळाचे ते दिवस आठवा. आपल्या पूर्व भागात विहिरी आटल्या होत्या, घरोघर मिलो शिजत होता, लोक खडी फोडायला जात होते. अशा वेळी नवे कापड कोण घेणार? आबांनी काही महिने ओढले. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांनी सायकल एकशे दहा रुपयांना विकली. त्यातून धान्य आले, आणि माझी अकरावीची फी आणि पुस्तके. सायकलला गिऱ्हाईक शोधून दिले ते स्टँडजवळच्या सायकल दुकानातल्या चाचांनी. त्यांनी त्यात एक पैसा घेतला नाही. त्यानंतर आबा गाठोडे डोक्यावर घेऊन बाजाराला चालत जाऊ लागले.

शाळा उघडल्यावर तुम्ही विचारले, "रॅले कुठंय रे?" वडिलांनी सायकल विकली, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, चोरीला गेली. एवढेच बोलून सुटेन असे वाटले होते. पण तुम्ही मित्र होतात. तुम्ही शोध सुरू केला. मधल्या सुट्टीत स्टँडवरच्या सायकली तपासल्या, वर्गशिक्षकांनी पोलिसांत सांगू का म्हणून आबांना निरोप पाठवायचे ठरवले, तो मी कसाबसा थांबवला. आणि मग कोणीतरी म्हणाले की चोरीचा माल सायकल दुकानातच जातो. चाचांकडे बोट गेले. तुमच्यापैकी कित्येकांनी पुढे काही महिने पंक्चर काढायला त्यांच्याकडे जायचे सोडले, ते मी पाहत होतो.

चाचांच्या कानावर हे आले होते. मी एकदा दुकानावरून मान खाली घालून चाललो असता त्यांनी हाक मारली. मला वाटले, आता बोलतील. त्यांनी विचारले, "पोरा, आबा बरे आहेत ना?" खरे काय ते सगळ्यांना सांगायला त्यांना एक वाक्य पुरले असते. त्यांनी ते कधीच सांगितले नाही. मग मीही सांगितले नाही.

आबा १९९१ मध्ये गेले, चाचा त्याच्या आधीच. दुकान आता त्यांचा नातू चालवतो. तिथे मोटारसायकलींची पंक्चरे जास्त निघतात. २०२० च्या जागतिक सायकल दिनी, ३ जूनलाच, अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी त्याने कापून भिंतीला चिकटवली आहे. माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांचा आउट त्यानेच काढला. एक एक आरी बोटाने वाजवून, आजोबांसारखाच. काम चालू असताना मी त्याला हे सगळे सांगितले. तो बराच वेळ चाक फिरवत राहिला. मग म्हणाला, "काका, मला सांगून काय उपयोग? ज्यांना खोटं सांगितलंत, त्यांना सांगा."

म्हणून हा लेख. समितीने मथळा बदलू दिला, याबद्दल आभार.

मेळाव्याच्या दिवशी सायकल व्हरांड्यात असेल. चाचांच्या नातवालाही बोलावले आहे, त्याच्याशी दोन शब्द बोला. ज्यांना चालवून पाहायची असेल त्यांनी जरूर चालवावी, फक्त ब्रेकच्या भरवशावर उतार घेऊ नये. सरांना आणि बाईंना मैदानाला एक फेरी मारून आणायची तयारी आहे, पण डबल सीट घेण्याची हिंमत आता माझ्यात नाही.

एकच उणीव राहिली आहे. घंटी नवी आहे, आवाज फार चिरका आहे. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर जुनी पितळी घंटी पडली असेल, तर येताना खिशात घालून आणा.