इच्छामरण की दयामरण?

‘युथनेशिया’ हा शब्द मूळ ग्रीक. अर्थ ‘चांगले मरण’. आपण त्याला सर्रास इच्छामरण म्हणतो. पण ज्याला इच्छा सांगताच येत नाही, त्याचे काय?

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यापासून अंथरुणाला खिळल्या होत्या. पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी मरण मागितले, ते दयामरण. परिचारिकांनी विरोध केला. वर्षानुवर्षे शुश्रूषा त्यांनीच केली होती, बरे का! ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. प्राणघातक सुई टोचणे गुन्हाच राहिला. अरुणाबाई २०१५ मध्ये न्यूमोनियाने वारल्या. शुद्धीत असतानाच उपचारांविषयी इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला.