मेणाचे घर, शेणाचे घर

‘कावळा आणि चिमणी यांच्या स्वभावांची तुलना करा.’ तिसरी-चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला तर उत्तर काय येणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. चिमणी हुशार, कष्टाळू, नीटनेटकी. कावळा आळशी, लबाड, घाणेरडा. पुरावा विचारला तर तोही तयार असतो : चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे, पाऊस आला आणि शेणाचे घर वाहून गेले. आपण पूर्ण गुण देतो. पण ही तुलना झाली का?

हाच प्रश्न शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या शाळेत विचारला आहे, अशी कल्पना करू. कारवीचा कूड उभा करायचा, त्याला माती-शेणाचा लेप द्यायचा, अशी घर बांधण्याची रीत या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचे घर तर पावसाळ्यापर्यंत एक खोपीच असते. त्या घरातल्या मुलाने ‘शेणाचे घर आळशाचे’ असे लिहायचे, म्हणजे नेमके कोणाविषयी लिहायचे? तुलना हा भाषेच्या तासाचा साधा स्वाध्याय वाटतो. परंतु त्याला इतिहास आहे, आणि तो शिक्षकाने जाणून घेण्यासारखा आहे.

जुनी गोष्ट, जुना स्वाध्याय

आपली ही गोष्ट किमान सातशे वर्षांची आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त ती येते. तेथे चिमणीच्या जागी ‘साळै’ आहे; मेण, शेण आणि पाऊस मात्र तेच. मराठीतल्या पहिल्या गद्य ग्रंथात जी गोष्ट आहे, तीच आज आजी नातवाला घास भरवताना सांगते.

पात्रांची तुलना हा शाळेतला स्वाध्याय तर त्याहूनही जुना आहे. ग्रीक-रोमन शाळांत लेखनाचे ठरावीक पाठ असत आणि तुलना हा त्यांतला एक होता. चौथ्या शतकातल्या अफ्थोनियस नावाच्या शिक्षकाने या पाठांचे पुस्तक लिहिले. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांतही ते युरोपातल्या शाळांत चालत होते. तुलनेचा नमुना म्हणून त्याने अकिलीस आणि हेक्टर हे ट्रॉयच्या युद्धातले दोन शत्रू घेतले. जन्मभूमी, पूर्वज, पराक्रम, मृत्यू असा एकेक मुद्दा तो दोघांनाही लावतो. एकाविषयी जे विचारले, ते दुसऱ्याविषयीही विचारायचे, हा तुलनेचा पहिला नियम त्यातून दिसतो. आपल्या मुलांच्या उत्तरात हा नियम मोडलेला असतो. चिमणीविषयी ‘हुशार’ आणि कावळ्याविषयी ‘घाणेरडा’ असे लिहिले, तर या दोन शब्दांना जोडणारा प्रश्नच नाही.

मुरबाडचे गुरुजी

हा नियम आपल्याच भागातल्या शिक्षकांनी एकदा मोठ्या कामात वापरला होता. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते. लोकसमजुती गोळा करण्यासाठी गुजरात आणि कोकणातल्या गावोगावच्या शिक्षकांकडून एका प्रश्नावलीची उत्तरे त्यांनी मागवली. डिसेंबर १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी नाशिकला जॅक्सन यांचा वध केला. जमलेली सामग्री एन्थोवेन या अधिकाऱ्याने पुढे प्रसिद्ध केली. कोकणाचा खंड १९१५ साली निघाला. त्याच्या तळटिपांत माहिती देणाऱ्यांचा उल्लेख आहे, पण बहुतेक ठिकाणी शिक्षकाचे नाव नाही, फक्त गावाचे आहे : मुरबाडचे शाळामास्तर, खातिवलीचे शाळामास्तर. खातिवली म्हणजे शहापूर तालुक्यातले, वाशिंदजवळचे गाव. सर्वांना एकच प्रश्न गेला होता, म्हणूनच एका गावची समजूत दुसऱ्या गावच्या समजुतीशेजारी ठेवून पाहता आली.

शिक्का

तुलना बिघडली तर काय होते, त्याचे उदाहरणही याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली प्रसिद्ध झाले. शेती, जंगल, बाजार यांच्या माहितीचा तो मोठा ठेवा आहे. पण त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यात एकेका जमातीला एकेक ‘स्वभाव’ही बहाल केलेला आहे. ठाकूर कष्टाळू आणि निरुपद्रवी. कातकऱ्यांवर मात्र चोरीचा आणि दारूचा शिक्का. खैरापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा धंदा. त्यांचे नावही त्यावरूनच पडले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातल्या झाडांवर सरकारी बंधने आली. ज्याचे पोट जंगलावर त्याची वाट अडवायची आणि मग त्याच्या स्वभावाची नोंद करायची, हा न्याय उरफाटा आहे. त्या नोंदीत परिस्थितीचा प्रश्न सुटला आणि स्वभावाचा तेवढा उरला. आज ठाकूर आणि कातकरी मुले एकाच बाकावर बसतात. ‘कावळा जातीचाच लबाड’ हे वाक्य त्यांच्या वहीत निष्पाप राहत नाही.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते

आता विज्ञानाच्या अंगाने पाहू. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडू लागते. पाणी त्यात शिरत नाही. शेणातले गवताचे धागे माती धरून ठेवतात, त्यामुळे वाळताना लेपाला भेगा कमी पडतात. पण मुसळधार पावसाचा मारा त्याला सोसत नाही. म्हणजे पावसात मेणाचे घर सरस आणि मुरबाडच्या वैशाखात, तापलेल्या उन्हात, शेणामातीचे. गोष्टीत फक्त पाऊस येतो, म्हणून चिमणी जिंकते. शिवाय खरा कावळा शेणाचे घर बांधतच नाही; तो काटक्यांचे, कधी तारांचेही घरटे करतो. आणि या ‘लबाड’ पक्ष्याला कोकिळा फसवते, त्याच्या घरट्यात अंडी घालते, नि तो ती पिल्ले वाढवतो!

रशियन अभ्यासक प्रॉप यांनी १९२८ साली परीकथांचा अभ्यास करताना पात्र कोण आहे यापेक्षा ते काय करते याकडे लक्ष वेधले. वर्गात हीच युक्ती उपयोगी पडते. ‘कोण कसा आहे?’ हा प्रश्न मागे ठेवावा आणि ‘त्या वेळी कोणी काय केले?’ हा पुढे आणावा. पाऊस पडत असताना चिमणी काय करत होती? बाळाला न्हाऊ घालत होती, तीट लावत होती, आणि दार लावलेले होते. कावळा काय करत होता? भिजत उभा होता, पुन्हा पुन्हा हाका मारत होता. आता ‘चिमणी चांगली’ हे वाक्य तितक्या सहज लिहिता येत नाही. कोणी म्हणेल, तिला बाळाची काळजी होती. कोणी म्हणेल, दार आधी उघडायला हवे होते. दोघांनाही गोष्टीतला आधार दाखवावा लागेल, आणि तुलना तेथूनच सुरू होते.

फळ्यावर एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळे काढावीत. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १८८० साली मांडलेल्या या आकृत्या आपण संचांसाठी वापरतो. गोष्टीलाही त्या चालतात. मधल्या जागेपासून सुरुवात करावी. दोघांनाही घर हवे आहे, दोघांवर पाऊस तोच पडतो. आधी साम्य सापडले की भेद कशामुळे, हा प्रश्न मुले आपणहून विचारतात. मग एक अट घालावी : बाहेरच्या जागेत विशेषण लिहायचे असेल, तर त्याखाली कृती लिहिलीच पाहिजे.

पुढचा स्वाध्याय घरी द्यावा. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि गुलाबी नऊवारीतल्या आज्या पाटी-दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. ज्यांना अक्षर उशिरा भेटले, त्यांच्याजवळ गोष्टी मात्र आधीपासून होत्या. मुलांनी आपापल्या आजीला तीन प्रश्न विचारून यावेत : तुझ्या गोष्टीत घरे कशाची होती? चिमणीने दार उघडले का? शेवटी कावळ्याचे काय झाले? कोणाचा कावळा चुलीपाशी भाजेल, कोणाचा पोटभर खाऊन उडून जाईल. प्रश्न सर्वांना तेच असल्याने उत्तरे शेजारी शेजारी मांडता येतील. मुरबाडच्या त्या निनावी गुरुजींनी जे केले, ते आता त्यांच्याच गावची मुले करतील. फक्त या वेळी वहीवर नाव मुलाचे असेल, आणि त्याच्या आजीचेही.