शब्दांधत्व आणि वाचनाचे मेंदूतील स्थान

बोलणे ही मनुष्यजातीची अतिप्राचीन शक्ती आहे; लेखनाचा इतिहास मात्र सुमारे पाच हजार वर्षांपलीकडे जात नाही. एवढ्या अल्प काळात वाचनासाठी मेंदूत एखादे जन्मजात केंद्र निर्माण होणे संभवत नाही. तरीही मेंदूच्या एका मर्यादित भागास इजा होताच केवळ वाचनशक्तीच नष्ट होते, ती का? या प्रश्नाच्या इतिहासाचा आरंभ पॅरिसमधील एका रुग्णापासून करणे युक्त होईल.

ऑक्टोबर १८८७ मध्ये ६८ वर्षे वयाच्या एका सुशिक्षित गृहस्थास आपणास एकही शब्द वाचता येत नाही, असे आढळून आले. दृष्टिदोषाच्या समजुतीने ते नेत्रवैद्य एडमंड लांडोल्ट यांजकडे गेले आणि तेथून ज्यूल देजरीन यांच्या परीक्षणाखाली आले. त्यांच्या दृष्टिक्षेत्राचा उजवा अर्धा भाग लोपला होता. परंतु बोलणे निर्दोष होते. सांगितलेला मजकूर ते बिनचूक लिहीत, मात्र स्वतः लिहिलेलेच त्यांना वाचता येत नसे. रोमन लिपीतील ‘ए’ त्यांना चित्रकाराच्या तिवईसारखा आणि ‘झेड’ सापासारखा दिसे. नाव मात्र आठवत नसे. अक्षराच्या वळणावरून बोट फिरविले म्हणजे ओळख पटे. अंकही त्यांना वाचता येत. आकृती दिसत होती; तिचे अक्षरपण हरपले होते.

जानेवारी १८९२ मध्ये, दुसऱ्या आघाताने लेखनशक्तीही गेल्यावर, त्यांचा मृत्यू झाला. मरणोत्तर तपासणीत डाव्या गोलार्धाच्या मागील व खालच्या भागात, तसेच दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतुपट्टाच्या मागील टोकाशी जुनी इजा दिसली. कोनीय वलयातील इजा ताजी होती. यावरून देजरीन यांनी असे प्रतिपादन केले की, शब्दांच्या दृश्य प्रतिमा डाव्या कोनीय वलयात साठविलेल्या असतात आणि पहिल्या आघाताने तेथे जाणारा मार्ग तेवढा तुटला. या उपपत्तीत जुन्या इजेच्या जागेस केवळ वाटेचे महत्त्व होते.

‘साठविलेली प्रतिमा’ ही कल्पना पुढे मानसशास्त्रीय प्रयोगांनी शिथिल केली. लाइपझिग येथे वुंट यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जेम्स कॅटेल यांनी १८८६ मध्ये दाखविले की, परिचित लहान शब्द ओळखण्यास एका अक्षराहून फारसा अधिक वेळ लागत नाही. यावरून शब्द अखंड आकृती म्हणूनच ओळखला जातो, असा समज दृढ झाला. परंतु १९६९ मध्ये जेराल्ड रायकर यांना असे आढळले की, क्षणभरच दाखविलेले अक्षर एकटे असताना जितके अचूक ओळखले जाते, त्याहून शब्दात असताना अधिक अचूक ओळखले जाते. म्हणजे शब्द अक्षरांना गिळून टाकीत नाही. त्यांची ओळख परस्परांच्या आधाराने होते. मॅक्लेलंड आणि रुमेलहार्ट यांनी १९८१ मध्ये हीच कल्पना एका गणनात्मक प्रतिमानात मांडली.

दरम्यान १९६५ मध्ये नॉर्मन गेश्विंड यांनी देजरीन यांच्या ‘तुटलेल्या मार्गा’च्या विचाराचे पुनरुज्जीवन केले होते. २००० मध्ये लॉरां कोएन, स्तानिस्लास दहेन व त्यांचे सहकारी यांनी लिखित शब्दांना विशेष प्रतिसाद देणारे क्षेत्र निश्चित केले. ते कोनीय वलयात नसून डाव्या गोलार्धाच्या तळाशी, देजरीन यांना जुनी इजा आढळली त्याच परिसरात आहे. जी केवळ वाट मानली गेली, तीच वाचनाची मुख्य पेठ ठरली. हे क्षेत्र चित्रे ओळखतानाही कार्य करते, असा आक्षेप कॅथी प्राइस आणि जोसेफ डेव्हलिन यांनी २००३ मध्ये घेतला, तोही दुर्लक्षणीय नव्हे.

या वादावर साक्षर व निरक्षर यांच्या तुलनेने मोलाचा प्रकाश पडतो. उत्तर प्रदेशातील हिंदी भाषकांचा असा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचनकौशल्याबरोबर या क्षेत्राचा देवनागरी शब्दांना मिळणारा प्रतिसाद वाढलेला त्यात दिसला; चेहरे वा इतर वस्तूंना मिळणारा प्रतिसाद मात्र घटलेला दिसला नाही. तात्पर्य, वाचनाचे स्थान मेंदूत आहे, परंतु ते जन्मतः लाभत नाही. दृष्टीच्या जुन्या भूमीवर विद्याभ्यासाने ते घडविले जाते. आणि म्हणूनच एका आघाताने ते एकटे हरपूही शकते.