शेलूबाजारच्या लग्नपत्रिका आणि सॉफ्टवेअरला दिलेला चकवा

दिवाळीत मामाकडे शेलूबाजारला गेलो होतो. "आपला भाचा पुण्याले कम्प्युटरमध्ये आहे" ही जाहिरात मामाने गावभर केलेली, त्यामुळे तिसऱ्याच दिवशी बाजारातल्या एका डीटीपीवाल्या काकांचं बोलावणं आलं. त्यांच्याकडे अजून विंडोज एक्सपी! मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच बंद केला, पण काकांच्या वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, ग्रामपंचायतीच्या नोटिसा सगळं त्याच डब्यात. हार्ड डिस्क कुरकुरायला लागलेली आणि तुळशीचं लग्न तोंडावर. "भाऊ, नवा डबा घेतो मी. पण माह्या पत्रिका त्याच्यात उघडल्या पायजेत," एवढीच अट.

मला लगेच ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन आठवलं. (ऑफिसात दोन वर्षं हेच दळण दळलंय.)

याची गोष्ट विंडोजच्या एका जुन्या दुखण्यापासून सुरू होते. नव्वदच्या दशकात जो तो प्रोग्रॅम आपल्या डीएलएल फायली सिस्टिम फोल्डरमध्ये टाकायचा. नंतर आलेला त्याच नावाची स्वतःची आवृत्ती तिथे ठेवायचा, की पहिला आडवा. हजार मशीन असलेल्या कंपनीत नवं सॉफ्टवेअर जुन्याशी भांडतंय का हे तपासण्यातच जीव जायचा. बोस्टनच्या सॉफ्ट्रिसिटी कंपनीने यावर सॉफ्टग्रिड काढलं. एक कोरं मशीन घ्यायचं, त्यावर प्रोग्रॅम इन्स्टॉल करायचा, त्याने कुठली फाइल कुठे टाकली, रजिस्ट्रीत काय खरडलं ते टिपायचं आणि सगळ्याचं गाठोडं बांधायचं. युजरच्या मशीनवर मग काहीच इन्स्टॉल होत नाही. प्रोग्रॅमने डीएलएल मागितली की मधला एक थर ती गाठोड्यातून काढून देतो, आणि प्रोग्रॅमला वाटतं आपण सी ड्राइव्हवरच नांदतोय! नको झालं की गाठोडं उचललं, मागे कचरा नाही. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी घेतली आणि २००८ मध्ये सॉफ्टग्रिडचं ॲप-व्ही झालं. त्याच वर्षी व्हीएमवेअरने थिन्स्टॉल घेऊन थिनॲप केलं, त्याला तर सर्व्हरही लागत नसे.

गंमत म्हणजे प्रोग्रॅमला कळू न देता मध्ये बसण्याची ही युक्ती आपल्याकडे आधीच होऊन गेली होती. आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि मंडळींनी जिस्ट तंत्र केलं, १९८८ मध्ये ते काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. डॉसच्या पीसीत जिस्ट कार्ड खोचायचं. प्रोग्रॅमला मराठीचा गंधही नाही, तो बिचारा नेहमीसारखे कोड पडद्याकडे पाठवतोय. कार्ड मात्र १२७ च्या वरचे कोड मधल्यामध्ये पकडून देवनागरी उमटवायचं. ते कोड इस्कीचे, पुढे १९९१ मध्ये भारतीय मानक झालेले. त्यात अक्षरं साठवत, अक्षरांचे आकार नाही. विंडोजच्या जमान्यात बहुतेक फॉण्टवाल्यांनी उलटं केलं: काना, वेलांटी, अर्धं अक्षर, प्रत्येक आकाराला आपापला नंबर. फॉण्ट बदलला की "चि. सौ. कां." चा भलताच मजकूर. काकांच्या पत्रिका अडकल्या होत्या त्या इथे.

असो. दोन संध्याकाळी बसून गाठोडं बांधलं. पानं मांडायचा प्रोग्रॅम नव्या डब्यावर झकास उघडला. काकांनी चहा मागवला. मग फॉण्टचं सॉफ्टवेअर सुरू केलं आणि त्याने डोंगल मागितला, जुन्या प्रिंटर पोर्टात खोचायचा! नव्या डब्याला ते पोर्टच नाही, आणि असतं तरी डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो. तो सगळ्यांचा एकच असतो, गाठोड्यात बांधता येत नाही. त्यातून ३२ बिटी ड्रायव्हर ६४ बिटी विंडोज घेतच नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण भाच्याची ऐट आडवी आली.

पीडीएफ करून ठेवू म्हटलं. काका म्हणाले, "त्याच्यात नवरदेवाचं नाव बदलते का? मंग कायची पत्रिका?"

शेवटी जुनी डिस्क दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवली आणि जुन्याच डब्यात बसवली. पत्रिका अजून तिथेच छापल्या जातात, नेटची वायर तेवढी काढली. नवा डबा शेजारी आहे, त्यावर काकांची मुलगी सातबारे काढून देते आणि रिकाम्या वेळात जुने मसुदे युनिकोडमध्ये टाइप करते. मी निघालो तेव्हा तिच्या चौदा पत्रिका झाल्या होत्या.