मुंबईचा प्लेग आणि घराची परीक्षा (१८९६ ते १९०७)

१/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. रोगावर खात्रीचे औषध नव्हते. सरकारचा संशय मग रोग्याइतकाच त्याच्या घरावर गेला. पण घर तपासायचे म्हणजे त्यात नेमके काय पाहायचे? याचे उत्तर मिळायला सुमारे दहा वर्षे लागली.

२/ प्लेगचा जिवाणू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी ओळखला होता. तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे मात्र अज्ञात होते. अधिकाऱ्यांच्या मनावर जुन्या समजुतीचा पगडा होता: अंधार, ओल, घाण आणि कोंदट हवा यांत रोग पोसला जातो. त्यामुळे तपासनीस घरात शिरला की प्रकाश, वारा आणि गटार पाही.

३/ दोष दाखवायला घरे कमी नव्हती. कामगार कुटुंबे चाळींत एकेका खोलीत दाटीने राहत. आतल्या कित्येक खोल्यांना खिडकीच नसे, आणि असली तर ती तुंबलेल्या घरगल्लीत उघडे. उपाय ठरले: कौले उतरवून ऊन आत घेणे, भिंतींना चुना फासणे, गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिकने धुणे. नापास घरावर ‘यू. एच. एच.’ अशी इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जात. अर्थ: मनुष्यवस्तीस अयोग्य.

४/ फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि तपासणीची झडती झाली. पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने गोरे सैनिक थेट माजघरात आणि देवघरात धाडले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली, त्यामागे हा संताप होता.

५/ मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे हे त्याचे एक प्रमुख काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातूनच निघाले. पण सुरुवातीला पाडकाम वेगाने आणि नवी चाळ सावकाश, अशी गत होती. उठवलेली माणसे शेजारच्या चाळीत शिरली आणि तिथली दाटी वाढली.

६/ दरम्यान, १८९८ मध्येच कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले होते. त्यांचे म्हणणे बहुतेकांनी बाजूला सारले. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी मात्र घराला हाच प्रश्न विचारला.

७/ त्यांचे साधन होते गिनीपिग. प्लेगचे रोगी दगावलेल्या घरांत हे प्राणी मोकळे सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या आणि कित्येक प्राणी प्लेगने मेले. मग पिंजरे ठेवले: काही उघडे, काही पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीचे. जाळीआडचे प्राणी वाचले. दुसऱ्या एका प्रयोगात जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले प्राणी मेले. दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले जगले. हवा दोघांनाही तीच होती. पिसवेची उडी मात्र तिथवर पोहोचत नव्हती.

८/ या निष्कर्षाने जुन्या उपायांचा अर्थ बदलला. कौले उतरवली, गटारे धुतली, तेव्हा बिळातले उंदीर हुसकले जात आणि पिसवांसह पलीकडच्या घरात जात. धान्य कुठे साठवले आहे, जमिनीत व भिंतीत बिळे आहेत का, मेलेला उंदीर दिसला का, हे खरे प्रश्न होते. मांडवी ही तर धान्याच्या वखारींचीच वस्ती.

९/ मग प्रकाश आणि हवेची चिंता व्यर्थ होती का? नाही. क्षयरोग कोंदट खोलीत अधिक सहज फैलावतो. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. सोप्या भाषेत, खोलीसमोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहती आजही मोकळ्या वाटतात, त्याचे मूळ ट्रस्टच्या या आखणीत आहे.

१०/ म्हणजे तपासनिसांना घरात दिसलेला दोष खोटा नव्हता. तो प्लेगचा नव्हता, इतकेच. मात्र त्या चुकीपायी ज्यांच्या दारावर ती तीन अक्षरे उमटली, त्यांतले बहुतेक भाडेकरू होते. चाळ त्यांनी बांधलेली नव्हती, आणि ती पाडताना त्यांना कोणी विचारलेही नाही.